सपरी आणि डेक

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याची गोष्ट. बॉस्टनच्या पश्चिमेला आम्ही राहतो, तिथला बर्फ नुकताच वितळला होता. दरवर्षीप्रमाणे गुढी मागच्या डेकवर उभारायची होती. नवरा काठीला साडी आणि वर गडू बांधून कठड्याकडे निघाला आणि चौथ्याच पावलाला फळी मोडून त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. गुढी मात्र त्याने हातातून सोडली नाही. कडुलिंबाची पानं घेऊन मागून येणारी आमची लेक म्हणाली, "बाबा, कडुलिंब नंतर, आधी टिटॅनसचं इंजेक्शन."

पाय फक्त खरचटला होता. डेकचं मात्र काही खरं नव्हतं. हे घर आम्ही २००९ साली घेतलं. डेक त्याच्याही आधीचा, नव्वदच्या दशकातला. पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक चार ठिकाणी दाबून पाहिलं, मान हलवली आणि जाता जाता विचारलं, "नवीन डेक कशाचा करायचा? लाकडाचा की कंपोझिटचा?"

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तुमच्यापैकी ज्यांनी अलीकडेच पहिलं घर घेतलंय त्यांच्यावर आज ना उद्या ही पाळी येणार आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं, की ही गोष्ट एका डेकची नाही. निम्मी गोष्ट बोरगावात घडली आहे.

आमचं बोरगाव सौंसरजवळचं, नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आम्ही सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसं मध्य प्रदेशातच राहिलो. शाळेत हिंदी, घरात मराठी, बाजारात दोन्ही. २०२३ सालापासून आमचा जिल्हाही छिंदवाडा नाही, पांढुर्णा झाला आहे. बाहेरच्यांना बोरगाव म्हटलं की तिथल्या औद्योगिक क्षेत्रातली रेमंडची कापड गिरणी आठवते. ती आली १९९१ साली. मला आठवतात ती संत्री, कापूस आणि आमच्या घराची सपरी.

सपरी म्हणजे घराच्या पुढची, एका बाजूने उघडी, छप्पर असलेली जागा. माझा नवरा पुण्याचा. तो तिला ओसरी म्हणतो आणि मी दरवेळी सुधारते. आमच्या सपरीला सागवानाचे सहा खांब, त्यांवर सागवानाच्या तुळया, वर वासे आणि कवेलू. आजोबांच्या वेळचं काम. प्रत्येक खांबाखाली घडवलेला दगड होता. वाड्यांच्या बांधकामात त्याला तळखडा म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'खांबाचा गोटा' म्हणायचे. लहानपणी आम्ही बहीणभाऊ त्या गोट्यांवर उभं राहून खांबाला मिठी मारून उंची मोजायचो.

संत्र्यांचे ढीग त्या सपरीत लागायचे. कापूस तिथेच यायचा. पाहुणे आधी तिथेच टेकायचे आणि निम्मे तिथूनच चहा पिऊन परत जायचे. दिवाळीआधी बाबा जवसाचं तेल गरम करून फडक्याने खांबांना चोळायचे. मी खालचा भाग करायचे, माझा हात तेवढाच पोचायचा. घरी येणारे म्हातारे सुतारकाका सांगायचे, सागवान घेताना रंगावर भुलू नये, बाहेरचं पांढरं लाकूड किती आणि आतला गाभा किती ते पाहावं. पांढऱ्याला उधई लागते, गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. उधई म्हणजे वाळवी. पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळलं, की सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं आणि ते वाळवीला मानवत नाही. सुतारकाकांना नाव माहीत नव्हतं, बाकी सगळं माहीत होतं.

तर अशा घरात वाढलेल्या मुलीला कोणी विचारलं, लाकूड की प्लास्टिक मिसळलेली फळी, तर ती काय म्हणणार? मी ताडकन म्हटलं, "लाकूड. यात विचारायचं काय?"

नवऱ्याने अर्थातच एक्सेल उघडलं.

त्या तक्त्यातून जे हाती लागलं ते थोडक्यात सांगते, तुमचे तीन आठवडे वाचतील. इथे डेकसाठी साधारणपणे वापरतात ते दक्षिणेकडच्या राज्यांतलं पाइन. पाइन हे मुळात मऊ लाकूड. ते दाबाखाली तांब्याच्या संयुगांच्या द्रावणात मुरवतात म्हणून बाहेर टिकतं. पण औषध सगळीकडे आतवर पोचतंच असं नाही. म्हणून फळी कापली की कापलेल्या टोकाला पुन्हा ब्रशने औषध लावावं लागतं. या तांब्यामुळे साधे खिळे लवकर गंजतात, जाड जस्ताचे किंवा स्टेनलेसचेच वापरावे लागतात. दर एक-दोन वर्षांनी डेक धुवायचा, वाळवायचा आणि वरून तेल किंवा सीलर द्यायचं. सीडर किंवा ब्राझीलकडचं इपे घेतलं तर दिसायला सुंदर, पण खर्च वाढतो आणि इपेसारखी झाडं उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून येतात, तो विचार वेगळाच.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेली फळी. ट्रेक्स हे त्यातलं जुनं नाव, ती कंपनी १९९६ साली व्हर्जिनियात सुरू झाली. जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि लाकूडकामातला उरलेला भुसा हा तिचा कच्चा माल. पहिल्या पिढीतल्या फळ्यांवर काळे डाग पडायचे, बुरशी धरायची. पुढे फळीला बाहेरून प्लास्टिकचं कवच द्यायला लागले आणि ती तक्रार बरीच कमी झाली. तिला रंग नको, तेल नको, पायात सल जात नाही. पंचवीस वर्षं किंवा त्याहूनही जास्त हमी मिळते. पण उन्हात ती लाकडापेक्षा जास्त तापते, गडद रंगाची तर अनवाणी पाय ठेवू देत नाही. उन्हाळ्यात लांबीला वाढते, थंडीत आखडते, म्हणून टोकांना फट सोडावी लागते. आणि ती वाकते, म्हणून तिच्या खालच्या तुळया जवळजवळ हव्यात, साधारण १६ इंचांवर, तिरप्या फळ्या असतील किंवा पायऱ्या असतील तर १२ इंचांवर. आम्हाला आलेल्या अंदाजात कंपोझिटच्या फळ्या पाइनच्या जवळपास दुप्पट पडत होत्या.

लेकीचं म्हणणं तिसरंच. ती कॉलेजात पर्यावरणाचा अभ्यास करते. ती म्हणाली, "जुनं प्लास्टिक वापरलं हे चांगलंच, पण भुसा आणि प्लास्टिक एकदा एकजीव झाल्यावर पुढे त्या फळीचं काय करणार?" मुद्दा बिनतोड होता. मग तिने जुन्या डेकच्या चांगल्या फळ्यांतून मेथी-कोथिंबिरीचे वाफे करायचं ठरवलं आणि तिथे मात्र मी अडवलं. २००३ सालच्या अखेरपर्यंत इथे घरांसाठी जे मुरवलेलं लाकूड मिळायचं, त्यात बहुतेक वेळा तांब्याबरोबर आर्सेनिक असायचं. घरगुती वापरातून ते तेव्हा काढून घेतलं. म्हणून जुना डेक तोडलात तर त्या लाकडाचे भाजीला वाफे करू नका, शेकोटीत तर मुळीच टाकू नका. त्याचा धूर आणि राख दोन्ही वाईट. ते गावाच्या नियमाप्रमाणे कचऱ्यातच द्यायचं.

मंडळाच्या एप्रिलमधल्या कार्यक्रमात मी हा विषय जेवणाच्या रांगेत काढला. पुरीपासून श्रीखंडापर्यंत पोचेतो माझ्याकडे सात मतं जमली होती. एका काकांनी तर "बर्मा टीकच घ्या" असा सल्ला दिला आणि वर "आपल्याला काय रोज रोज करायचंय?" असंही विचारलं.

मी लाकडावर ठाम होते. आणि मे महिन्यात भावाचा फोन आला.

"ताई, सपरीचा कोपऱ्यातला खांब गेला. बोट घातलं तर आत जाते. मी म्हणतो, सगळीच सपरी पाडतो अन् स्लॅब टाकतो."

मला काय झालं कोणास ठाऊक. मी तासभर बोलले. आजोबांच्या हातचं काम, असलं सागवान आता मिळत नाही, बाबांनी किती जपलं, तुम्हाला किंमत नाही, स्लॅबखाली उन्हाळ्यात भट्टी होईल. तो ऐकून घेत होता. शेवटी शांतपणे म्हणाला, "ताई, तुले लाकूड पाह्यले पाहिजे. मले घर राह्यले पाहिजे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतरच्या एकाही दिवाळीला मी खांबांना तेल लावायला तिथे नव्हते. खरं तर कोणीच लावलं नव्हतं. भावाच्या मागे वावर, संत्र्याचा बगीचा, आईचं दुखणं. आणि इथे मी, जिला स्वतःच्या डेकला पंधरा वर्षांत दोनदाच तेल देणं जमलं होतं, ती त्याला लाकूड कसं जपावं ते सांगत होते.

दोन दिवसांनी त्याने सौंसरहून सुतार आणला आणि मला व्हिडिओ कॉल लावला. सुतार तरुण होता. त्याने पटाशीच्या मुठीने एकेक खांब वरून खालपर्यंत ठोकत आणला. वरचा आवाज टणक, भरलेला. जमिनीपासून हातभर उंचीवर आला की आवाज बदलायचा. सहापैकी दोन खांब खालून पोकळ झाले होते, बाकीच्यांना नुकती सुरुवात होती. तुळया ठणठणीत होत्या.

"गोटे कुठे गेले?" सुतारानं विचारलं.

माझा भाऊ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. गोटे कुठे गेले ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

२०११ साली मी घरी पैसे पाठवले होते. आईचे गुडघे दुखायचे, तिला सपरी शेणाने सारवणं झेपत नव्हतं, आणि घरातून सपरीत उतरायला एक उंच पायरी होती. मी म्हटलं, मुरूम भरा, वर सिमेंट करून फरशी लावा, घराच्या आणि सपरीच्या जमिनी एका पातळीवर आणा. सगळ्यांना आनंद झाला. आईने फोटो पाठवायला लावला होता. जमीन नऊ-दहा इंचांनी वर आली आणि सहाही गोटे त्याखाली गाडले गेले. खांब जे इतकी वर्षं दगडावर कोरडे उभे होते, ते सिमेंटच्या गळपट्ट्यात अडकले. पावसाची झड सपरीत यायची, पाणी खांबावरून उतरून त्या फटीत जायचं आणि तिथेच राहायचं. मातीची जमीन ते शोषून घ्यायची, वाऱ्याने वाळायची. सिमेंटमधून त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. आणि ओल असली की उधईला आमंत्रण लागत नाही.

सुतार एवढंच म्हणाला, "ताई, लाकूड पाण्यानं नाही मरत. पाणी अडकून राह्यलं की मरते."

त्याच संध्याकाळी मी टॉर्च घेऊन, जुना रेनकोट घालून आमच्या डेकखाली शिरले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. वरच्या फळ्या खराब झाल्या होत्याच, पण खरी गंमत भिंतीपाशी होती. डेकची एक बाजू घराच्या भिंतीला लावलेल्या आडव्या फळीवर टेकलेली असते. तिला इथे लेजर म्हणतात. त्या फळीच्या वर, भिंतीच्या आतून पत्र्याची वाकवलेली पट्टी घालायची असते, म्हणजे पाणी फळीच्या मागे न जाता बाहेर पडतं. आमच्याकडे ती पट्टीच नव्हती. तीस वर्षांचं पाऊसपाणी आणि बर्फ भिंत आणि फळी यांच्यामध्ये बसलं होतं. मी बोट दाबलं. बोट आत गेलं. भावाने सांगितलं होतं अगदी तसंच. शिवाय ती फळी नुसत्या खिळ्यांवर होती, बोल्ट एकही नाही. आणि डेकचे खांब सरळ मातीत गाडलेले.

त्या क्षणी मला पाडव्याच्या गुढीची आठवण झाली नाही. आठवण झाली ती गणपतीची. दर सप्टेंबरात आरतीला त्या डेकवर पंचवीस-तीस माणसं उभी असतात, पुढे मुलं.

तुमच्यातल्या काहींना बर्कलीची घटना आठवत असेल. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका अपार्टमेंटची बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत कोसळली आणि सहा विद्यार्थी गेले. त्यातले पाच आयर्लंडहून उन्हाळ्यापुरते आलेले होते. बाल्कनी जुनी नव्हती. तिच्या आतल्या लाकडी तुळया अडकलेल्या पाण्याने कुजल्या होत्या आणि वरून ते कोणाला दिसत नव्हतं. त्यानंतर २०१८ साली कॅलिफोर्नियाने अपार्टमेंटच्या अशा बाल्कन्यांची ठरावीक वर्षांनी तपासणी करणं कायद्याने बंधनकारक केलं. तुमच्या-माझ्या घराच्या डेकखाली मात्र कोणी आपणहून शिरून पाहत नाही.

आणि इथे लाकूड की कंपोझिट हा प्रश्न मला निराळा दिसायला लागला. कारण कंपोझिटच्या फळीवर आख्खा डेक उभा राहत नाही. वरती काहीही घाला, खालचा सांगाडा बहुतेक वेळा मुरवलेल्या पाइनचाच असतो. आम्ही तीन आठवडे भांडत होतो ते वरच्या इंचभर जाडीवरून. डेक उभा राहणार की पडणार ते ठरतं खाली. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही, असा साधारण हिशेब आहे. म्हणजे पाणी येणारच, पण ते निघून जाईल आणि वारा लागेल एवढी सोय केली की झालं. कंपोझिटवाल्यांच्या हमीतसुद्धा हे लिहिलेलं असतं: फळ्यांमध्ये फट ठेवा, खाली हवा खेळू द्या. आजोबांच्या सुताराने गोट्यावर खांब ठेवला तो याचसाठी.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. खड्डे चार फूट खोल घेतले, कारण आमच्याकडे जमीन तिथवर गोठते आणि गोठलेली जमीन खांबाला वर ढकलते. त्यात काँक्रीट भरलं आणि खांब काँक्रीटमध्ये न गाडता वर लोखंडी बैठकीवर बसवले. कॉन्ट्रॅक्टरला मी मोबाइलवर आमच्या जुन्या गोट्याचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "हेच ते." लेजर बोल्टने जोडला, त्यावर पत्र्याची पट्टी घातली. परमिट काढलं, त्यामुळे गावचा इन्स्पेक्टर फळ्या बसवायच्या आधी सांगाडा पाहून गेला. परमिटचा कंटाळा करू नका. तो एकच माणूस असा आहे ज्याला आपल्याला काही विकायचं नसतं.

आणि वर? वर कंपोझिट घातलं, फिकट राखाडी रंगाचं. मी स्वतः सांगितलं. पंधरा वर्षांत दोनदा तेल लावणाऱ्या बाईने लाकडाचा हट्ट धरू नये, एवढं त्या मे महिन्याने मला शिकवलं. तुमच्या घरात दरवर्षी एक शनिवार-रविवार डेकला देणारं कोणी असेल तर लाकूड जरूर घ्या. कमी पैशात होईल आणि त्याचा स्पर्श कशालाच येत नाही. फक्त तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा. बाबा ती कुंपणावर टाकायचे, तेव्हा मला वाटायचं आळसाने टाकतात.

बोरगावची सपरी? मी भावाला फोन करून म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर. स्लॅब टाकायची तर टाक. पैसे लागले तर सांग, पण कशाला वापरायचे ते मी सांगणार नाही." तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सुतार म्हणते, चार वाचतात."

सुतार आणि गवंड्याने मिळून वरच्या तुळयांना टेकू दिले, चार खांबांचा सडलेला बुंधा तेवढा कापला आणि खाली फरशीच्या वर येईल एवढा उंच दगड बसवून खांब त्यावर घेतले. गेलेल्या दोन खांबांच्या जागी लोखंडी पाइप उभे केले, त्यांना तपकिरी रंग दिला. कवेलू काढून पत्रे टाकले, कारण माकडं कवेलू राहू देत नाहीत आणि ते चढवणारा माणूसही आता मिळत नाही. आईसाठी केलेली फरशी तशीच ठेवली. चार खांब सागाचे, दोन लोखंडाचे, खाली सिमेंट, वर पत्रा.

भावाने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आपली सपरीबी कंपोझिट झाली."

गेल्या डिसेंबरात मी गेले होते. भावजयीने जवसाचं तेल गरम करून दिलं, चार खांबांना मी लावलं. वरचा भाग भाच्याने केला, माझा हात खाली बरा पोचतो. आई फरशीवर खुर्ची टाकून बसली होती आणि आम्ही कुठे विसरलो ते दाखवत होती.

इथे आता पाडव्याला एक नवीन पद्धत पडली आहे. गुढी नवराच उभारतो. पण त्याआधी मी टॉर्च घेऊन डेकखाली जाते, लेजरला बोट लावून पाहते आणि वर ओरडून सांगते, "कोरडं आहे, या."